तिसरा पाद : वऱ्हाडातल्या कंपाउंडरपासून आशाताईपर्यंत



'वैद्यकीय सहायकाचं मूलभूत ज्ञान आणि कर्तव्य' हा विषय आम्ही सुचवला, तेव्हा संयोजकांना जरा नवल वाटलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला हा माणूस पट्टी बांधणाऱ्यावर आणि औषधाची पुडी बांधणाऱ्यावर काय बोलणार, असं त्यांच्या मनात आलं असणार. आमचं म्हणणं एवढंच, की ज्ञान कशाला म्हणायचं आणि कर्तव्य कशाला म्हणायचं, हे दोन्ही प्रश्न आमच्याच खात्यातले आहेत. वर्गात त्यांचं उत्तर चुकलं तर चार गुण जातात. दवाखान्यात चुकलं तर माणूस जातो.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. साल १९६१ असावं. आमच्या थोरल्या भावाचं पोट रात्रभर दुखत होतं. सकाळी आजोबांनी त्याला छकड्यात घातलं आणि जवळच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात नेलं. आम्हीही सोबत गेलो. डॉक्टर परगावी गेलेले. दवाखान्यात फक्त कंपाउंडर. पांढरा पायजमा, वर सदरा, कानावर पेन्सिल.

आजोबा म्हणाले, "पोट्ट्याचं पोट दुखून रायलं. चांगलं एरंडेल द्या, मोकळं होऊन जाईन."

कंपाउंडरनं भावाला बाकावर झोपवलं, पोटाला हलकेच हात लावला, कपाळ पाहिलं, नाडी मोजली. मग म्हणाला, "आबाजी, एरंडेल नाई देत मी. पोट कडक लागून रायलं, हात लावू देत नाई. याले आताच्या आता अकोल्याले न्या. पानीबी देऊ नका."

आजोबा तापट. ते म्हणाले, "तू काय डाक्टर हायेस का?"

तो म्हणाला, "नाई. म्हनूनच तं सांगून रायलो."

त्यानं एका कागदावर वेळ, ताप आणि नाडी लिहून दिली, आणि स्वतः स्टेशनपर्यंत आला. अकोल्याला त्याच संध्याकाळी भावाचं ऑपरेशन झालं. अपेंडिक्स होतं. तिथले सर्जन म्हणाले, जुलाब दिला असता तर आतड्याचा तो तुकडा फुटला असता. भाऊ पुढे पंचेचाळीस वर्षं जगला. त्या कंपाउंडरचं नाव आमच्या घरात कुणालाही आठवत नाही. डॉक्टरांचं नाव सगळ्यांना पाठ होतं, जे त्या दिवशी तिथे नव्हतेच. आजच्या व्याख्यानाचं मूळ त्या विसरण्यात आहे.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रानं या माणसाला विसरलेलं नव्हतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. पहिला वैद्य, दुसरा औषध, तिसरा उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ उभा राहणारा, आणि चौथा स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा. उपस्थात्याचे गुण म्हणजे उपचाराची जाण, हातातलं कसब, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी जिव्हाळा, आणि शौच म्हणजे स्वच्छता. लक्षात घ्या, यादीत जाण पहिली आली आहे. उपस्थाता म्हणजे केवळ सांगकाम्या, असं चरक मानत नाही. वैद्य प्रमुख, हे तो स्पष्ट सांगतो. पण तीन पायांवर खाट उभी राहत नाही, हेही त्याला ठाऊक आहे.

बौद्धांच्या विनयपिटकात महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसारानं आजारी पडलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कुणी बघत नव्हतं, कारण त्याचा कुणाला उपयोग नव्हता. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला सांगितलं, आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला सांगितलं, की माझी सेवा करावीशी वाटत असेल तर आजाऱ्याची करा. पुढे शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणंही दिली आहेत. त्यात पथ्य-अपथ्याची जाण आहे, आणि मळ, ओकारी उचलताना किळस न येणंही आहे. किळस हा शब्द आपण लक्षात ठेवू. वऱ्हाडच्या इतिहासात तो पुन्हा येणार आहे.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. या काळात सरकारी वैद्यक इथे आलं ते एका ठरावीक उतरंडीनं. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन. तालुक्याच्या दवाखान्यात 'हॉस्पिटल असिस्टंट', ज्याला पुढे 'सब-असिस्टंट सर्जन' म्हणू लागले. त्याच्या हाताखाली कंपाउंडर, ड्रेसर, आणि खेड्यापाड्यांत फिरून देवी काढणारा. कागदोपत्री जिल्ह्याचं आरोग्य साहेबाच्या हातात होतं. प्रत्यक्षात खेड्यातल्या माणसाला इंग्रजी वैद्यक दिसलं ते या खालच्या माणसांच्या रूपानं. देवी काढणाऱ्याला पाहून बाया पोरं लपवायच्या. त्याच्याकडे एक छोटी सुरी, थोडी लस आणि बोलण्याची हातोटी एवढंच असायचं. पुढे स्वतंत्र भारतात हेच काम करणाऱ्या हजारो लोकांनी देवीच्या रोगाचा शेवट केला. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. त्या यशात सर्जनपेक्षा घरोघरी जाणाऱ्याचा वाटा मोठा आहे.

१८९९-१९०० चा दुष्काळ, त्यामागून आलेला कॉलरा, गाठीचा प्लेग, आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, जिला आपले लोक 'मानमोडी' म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत देशात सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. मानमोडीवर तेव्हा औषध नव्हतं. डॉक्टरला जे करता येत होतं तेवढंच सहायकालाही येत होतं : पाणी पाजणं, अंग पुसणं, कूस बदलणं, जवळ बसणं. औषध हाताशी नसतं तेव्हा तिसरा पाद हीच चिकित्सा होते.

शिक्षणाची सोय हळूहळू झाली. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावानं स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. अमरावतीचं 'डफरीन' आणि अकोल्याचं 'लेडी हार्डिंग' ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. १९१४ मध्ये नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं. तिथून बाहेर पडलेल्या एल.एम.पी. डॉक्टरांनी वऱ्हाडातले तालुके सांभाळले. मग भोर समितीचा १९४६ चा अहवाल आला. देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, परवानाधारकांचे लहान अभ्यासक्रम बंद व्हावेत, असं समितीनं म्हटलं. काही सदस्यांचं मत वेगळं पडलं. हेतू चांगलाच होता : गरिबाला अर्धा डॉक्टर कशाला? पण पूर्ण डॉक्टर शहरात राहिला, आणि खेड्यात मधली पायरी रिकामी झाली. ती भरून काढली कंपाउंडरनं, बहुधा परवानगीशिवाय.

या कंपाउंडरला काय काय येत होतं, ते आजच्या मुलांना सांगायला हवं. तेव्हा औषध पाकिटातून येत नव्हतं, ते तयार करावं लागे. साठ मिनिमांचा एक ड्राम, आठ ड्रामांचा एक औंस, हे कोष्टक तोंडपाठ. डॉक्टरच्या अक्षरातलं 'बी.डी.' म्हणजे दोनदा, 'टी.डी.एस.' म्हणजे तीनदा, 'एच.एस.' म्हणजे झोपताना. रुग्णानं बाटली घरून आणायची. कंपाउंडर ती धुऊन मिक्श्चर भरणार आणि वर कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवणार. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही खाच कळते. काचेची सिरिंज आणि सुया उकळणं, पट्ट्यांचा ड्रम निर्जंतुक करणं, विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली कमरेला ठेवणं, नोंदवही लिहिणं, हे सगळं त्याचंच. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं औषध तयार करणाऱ्याची आणि देणाऱ्याची नोंदणी सुरू केली, म्हणजे या ज्ञानाला एक दर्जा दिला. त्याच्या आदल्या वर्षी परिचर्या परिषदेचा कायदा झाला होता.

पण आमच्या त्या कंपाउंडरनं कागदावर लिहून दिलेले तीन आकडे, आणि 'एरंडेल नाही' हा नकार, कोणत्या अभ्यासक्रमात बसतात? आमच्या मते, सहायकाचं ज्ञान म्हणजे डॉक्टरच्या ज्ञानाचा कापून लहान केलेला तुकडा नव्हे. त्याची जात वेगळी आहे. त्याला रोगाचं नाव सांगता यावं लागत नाही. त्याला बिघाड ओळखता यावा लागतो, तो मोजता आणि लिहिता यावा लागतो, आपण काय करायचं नाही हे ठाऊक असावं लागतं, आणि रुग्णाला पुढे पाठवायची वेळ चुकवायची नसते. 'मी डॉक्टर नाही, म्हणूनच सांगतो' या वाक्यात हे सगळं आलं. आपल्याला काय माहीत नाही हे माहीत असणं, यावर सॉक्रेटिसाची सगळी कीर्ती उभी आहे. आमच्याकडे ती कंपाउंडरला कुणी दिली नाही.

आणि नाण्याला दुसरी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. हाच माणूस पुढे गावात 'डॉक्टर' म्हणून बसला, प्रत्येक तापाला सुई टोचू लागला, एकच सुई दहाजणांना वापरू लागला, अशी उदाहरणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आपली मर्यादा ओळखण्याचं ज्ञान सुटलं, की उरतं ते नुसतं कसब. ते घातक असतं.

आता किळसेकडे येऊ. १९४६ साली अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ आणि तपोवन उभं केलं. दाजीसाहेब हे होमिओपॅथ, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. त्याआधी १९३६ मध्ये शेजारी वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवा सुरू केली होती. दिवाण डॉक्टर नव्हतेच; विनोबांचे सहकारी होते. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढण्याच्या त्या काळात या कामाला लागणारी पहिली गोष्ट पदवी नव्हती. हात लावण्याची तयारी, ही पहिली गोष्ट होती.

कुष्ठरोगाच्या शुश्रूषेत जिव्हाळा आणि जाण वेगळी करता येत नाहीत. या रोगात मज्जातंतू मरतात, म्हणून पाय बधिर होतो. काटा रुतला, चटका बसला, कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, आणि जखम हाडापर्यंत जाते. आपण ज्याला बोटं 'झडणं' म्हणतो ते बहुतेक या न कळलेल्या जखमांचं फळ. तेव्हा सहायकाचं काम काय? रोज पाय पाण्यात भिजवायला लावणं, घट्टे घासणं, तेल लावणं, तळवा डोळ्यांनी तपासायची सवय लावणं, मऊ तळाची चप्पल देणं. म्हणजे दुसऱ्याच्या हरवलेल्या वेदनेच्या जागी आपली नजर ठेवायची. यापेक्षा चांगली सहानुभूतीची व्याख्या आम्हाला ग्रंथांत मिळाली नाही.

१९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यातून आपल्या राज्यात एक पद आलं : 'अवैद्यकीय सहायक'. नावातच नकार आहे बघा. तो काय आहे हे सांगितलेलंच नाही. तो काय नाही एवढंच सांगितलं. हा अवैद्यकीय माणूस सायकलवर गावोगाव फिरायचा. घरोघरी अंगावरचे चट्टे पाहायचा. डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्यानं स्पर्श करायचा आणि विचारायचा, कुठे लागलं? कोपराजवळची नस जाड झाली आहे का, ते बोटांनी चाचपायचा. पुढे १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला तेव्हा गोळ्या पोहोचवणं, समोर घ्यायला लावणं, मध्येच सोडणाऱ्याला शोधून काढणं हेही त्याच्याकडे आलं. शेजाऱ्याला कळू न देता हे करायचं, कारण कळलं तर मुलीचं लग्न मोडे. गुप्तता हा शब्द आज प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. या लोकांनी ती पाळली तेव्हा ती कुणाच्या तरी आयुष्याची किंमत होती. डिसेंबर २००५ मध्ये, दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, या निकषावर देशानं कुष्ठरोग निर्मूलनाचं लक्ष्य गाठलं. रोग संपलेला नाही, पण तिथवर आणणारा हात बराचसा 'अवैद्यकीय' होता.

चौथा गुण शौच. याचा आचार्य आपल्याच मातीतला. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा, आणि बालपण गेलं मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात. त्यांच्या हातातला खराटा आपण पुतळ्यात बसवला. प्रसूतीच्या खोलीत तो किती उपयोगी होता ते पाहा. खेड्यात बाळंतपण करणारी दाई बहुतेकदा ज्यांना शिवून घेत नसत अशा जातींतली. नाळ तिनं कापायची, आणि कापून झाल्यावर विटाळ तिलाच. तिला शिकवायचं कुणाच्या मनात आलं नाही. कोंदट खोली, गंजका विळा, नाळेवर राख. बाळ काही दिवसांतच धनुर्वातानं आचके देत जाई आणि दोष नशिबाला किंवा बाहेरच्या बाधेला. पुढे दाईंच्या प्रशिक्षणात पाच स्वच्छता आल्या : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काहीही न लावणं. एवढ्या साध्या ज्ञानानं आणि आईला दिलेल्या लसीनं ते मरण मागे हटलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला एक अख्खा अध्याय दिला, तो उगाच नव्हे.

सहायकावर विश्वास टाकला तर काय होतं, याची दोन उदाहरणं. एक बाहेरचं. १९७१ च्या युद्धात बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमध्ये बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळची सलाईन संपत आली. त्यांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात कालवून ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. दुसरं विदर्भातलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं : वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी, तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं हे छापलं. त्या बायकांना श्वासाचा आकडा ठाऊक होता : दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका.

आमच्या मेळघाटात हीच लढाई चालू आहे. तिथे कोरकूंचा भूमका आहे, तापलेल्या लोखंडानं पोटावर 'डंबा' देण्याची रीत आहे, आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते आहेत. भूमकाला शत्रू न मानता त्यालाच रुग्ण पुढे पाठवणारा करावं, असे प्रयत्नही तिथे झाले आहेत. आम्हाला ते शहाणपणाचे वाटतात. ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे त्याला 'हे माझं काम नाही, हिला दवाखान्यात न्या' एवढं म्हणता आलं, तर तोही आमच्या कंपाउंडरचाच भाऊबंद झाला.

२००५ पासून आशाताई आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आपल्या अमरावती-अकोल्यात आधी उसळली, तेव्हा पुन्हा टाळेबंदी लागली. वॉर्डात नातेवाईक नव्हते. रुग्णाजवळ होती ती परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार. घरोघर फिरणारी होती आशा. करोनाच्या काळात आपण टाळ्या वाजवल्या. मात्र आशाताईला पगार नाही. मानधन आणि कामामागे मोबदला, तोही मिळेल तेव्हा. तिला 'स्वयंसेविका' म्हणतात. पुन्हा तेच : अवैद्यकीय, सहायक, स्वयंसेविका. नाव असं द्यायचं, की हक्क मागताच येऊ नये.

आमचं गाऱ्हाणं पैशापुरतं नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णालयात दाखल होतो. शेजारच्या खाटेची गोळी आमच्या हातात आली. एक शिकाऊ मुलगी म्हणाली, "थांबा, नाव विचारलं नाही." वरिष्ठानं तिला सर्वांसमोर झापलं. गोळी चुकीची होती, हे नंतर कळलं. तिची माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी गप्प राहून काम करत होती. आम्हाला भीती वाटली ती त्या गप्प राहण्याची.

मागच्या रांगांत परिचर्येची आणि औषधनिर्माणाची मुलं बसली आहेत. बाळांनो, तुमच्या पुस्तकात पाच बरोबर असतात : बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. ते पाठ कराच. हात धुवा, नाडी पूर्ण मिनिटभर मोजा, मोजलं तेच लिहा, न मोजलेलं लिहू नका. रुग्णाची गोष्ट चहाच्या टपरीवर सांगू नका. आणि शंका आली तर थांबा, विचारा. इथे डॉक्टर मंडळीही आहेत. त्यांना विनंती, की तुमच्या हाताखालच्या माणसानं 'थांबा' म्हटलं तर त्याचं वय आणि पद पाहू नका, आधी थांबा.

*(व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारले : "सर, थांबा म्हटलं आणि आपलंच चुकलं असलं तर?")*

तर दोन मिनिटं वाया जातील, आणि तुला ओशाळं वाटेल. तेवढं सोसायची तयारी ठेव, बेटा. आमच्या त्या कंपाउंडरचंही चुकलं असतं, तर पोटात नुसते वायू धरलेल्या एका पोराला विनाकारण अकोला दिसलं असतं, आणि आमच्या आजोबांनी जन्मभर त्याला शिव्या दिल्या असत्या. हे त्याला माहीत होतं. तरी तो स्टेशनपर्यंत आला.